मनगटाच्या खाली

वनमालाच्या हातातला ग्लास कलंडला आणि उकळता चहा तिच्या उजव्या कोपराखाली सांडला. तिनं झटकन हात मागे ओढला. घडलं ते एवढंच. पण मोहघाट वसाहतीच्या स्वयंपाकघरात त्या वेळी जेवढ्या बायका होत्या, त्या सगळ्या हातातलं काम टाकून तिच्याकडे पाहायला लागल्या. चटका बसला म्हणून हात मागे घेणारं त्या स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तिथे भाजल्याचं कळायचं ते डोळ्यांना, तेही फोड वर आल्यावर.

वनमाला स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. लाल झालेल्या जागेला तिनं गाल लावला, कारण गालाला कळायचं. मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते भाजल्यामुळे की आणखी कशामुळे हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिचा नवरा श्रावण शेंडे सतरंजीच्या मागांवर देखरेख करायचा. बातमी कळताच तो आपल्या मऊ रबराच्या चपला ओढत सगळ्या वसाहतीत फिरला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "माझ्या बायकोले भाजलं." लोक त्याचं अभिनंदन करत होते. बाहेरगावचा कोणी तिथे असता तर त्याला हे लोक वेडे वाटले असते.

मोहघाट हे वैनगंगेच्या काठावरचं गाव. कुष्ठरोग झाला म्हणून ज्यांना घरांनी बाहेर काढलं, त्यांनी ते जंगल तोडून वसवलं होतं. आता रोग जवळपास संपला होता. नवी लस आली, गोळ्या तर आधीपासूनच होत्या, आणि जिल्ह्यात वर्षाकाठी एखादाच नवा रुग्ण सापडत होता. वसाहतीत उरली होती ती जुनी माणसं. त्यांच्या अंगात एकही जंतू शिल्लक नव्हता, पण जंतूंनी खाल्लेल्या नसा काही परत आल्या नव्हत्या. हातपाय होते, हलतही होते, पण त्यांची खबर मेंदूपर्यंत पोचत नव्हती. वनमाला एकोणीस वर्षांची असताना इथे आली. श्रावण तिच्या आधी आला होता. दोघांचं लग्न इथेच लागलं, मुलगी रेणुका इथेच वाढली आणि आता हैदराबादला नोकरीला होती. वनमालानं तिला पाळण्यात घातलं, न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, पण हे सगळं डोळ्यांनी. बोटांच्या टोकांना त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

नागपूरच्या एका संशोधन केंद्रातून डॉ. प्रणोती मेश्राम आपली छोटी विजेची गाडी घेऊन वसाहतीत यायला लागल्या, तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. संशोधक येत आणि जात. पण प्रणोतीबाई चंद्रपूरकडच्याच, पस्तिशीच्या, आणि ओट्यावर मांडी घालून बसून समजावून सांगायची त्यांना सवय होती. त्यांनी जे सांगितलं ते साधारण असं.

नस म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या पेशीतून निघालेला एक लांबच लांब धागा. हाताच्या बोटापर्यंत जाणाऱ्या धाग्याची मूळ पेशी मानेजवळ असते. धाग्याभोवती आवरणपेशी असतात. त्या त्याला जपतात, आणि धागा तुटला तर नव्यानं वाढणाऱ्या टोकाला वाट दाखवतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका या आवरणपेशींत घर करतो. धागा मरतो. मूळ पेशी मात्र पुष्कळदा जिवंत असते. तिला पुन्हा फुटवा आणता येतो, पण वाटाड्या पेशी आपलं काम विसरलेल्या असतात, म्हणून तो फुटवा जागच्या जागी गुंतून बसतो. या जंतूजवळ एक विलक्षण कसब आहे. तो पिकलेल्या आवरणपेशीला पुन्हा बाल्यावस्थेत नेऊ शकतो. ते तो आपल्या सोयीसाठी करतो, पसरण्यासाठी. प्रणोतीबाईंच्या गटानं जंतूचं तेवढंच कसब उचललं आणि जंतू बाजूला ठेवला. पेशी लहान झाली की पुन्हा सगळं शिकते, वाट तयार करते, आणि धागा त्या वाटेनं पुढे सरकतो, दिवसाला एखादा मिलिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत जायला वर्षाहून जास्त काळ लागणार होता.

त्या इंजेक्शनाला काहीतरी लांबलचक नाव होतं. वसाहतीत सगळे त्याला पालवीचं इंजेक्शन म्हणायचे.

वसाहतीतून दोघांची निवड झाली, वनमालाची आणि लहानूजी नावाच्या एका म्हाताऱ्याची. श्रावणचं नाव गळलं. त्याच्या नसांच्या जागी खड्यासारखा चुना जमला होता, तिथे वाट तयार करायला काही उरलंच नव्हतं. एकटीनं हे कशाला घ्यायचं, असं वनमालाला वाटत होतं. पण श्रावणनंच तिला आग्रह केला. कोणापासून तरी सुरुवात होणारच ना, मग आपल्या घरापासून झाली तर काय वाईट, असं त्याचं म्हणणं. तिनं इंजेक्शन घेतलं, आणि त्या चहाच्या चटक्यापासून दर रविवारी तो टाचणी घेऊन तिच्या दोन्ही हातांवर टोचून पाहायचा आणि जिथपर्यंत कळलं तिथे स्केचपेननं रेघ ओढायचा. रेघ कोपराकडून मनगटाकडे उतरत होती. तो ती लोकांना दाखवायचा.

रेघ मनगटाशी पोचली आणि दुखणं सुरू झालं.

प्रणोतीबाईंनी याची कल्पना दिली होती, पण ऐकणं वेगळं असतं. दुखणं आणि थंड-गरम सांगणारे धागे बारीक असतात आणि ते आधी पोचतात. साधा स्पर्श सांगणारे धागे जाड असतात, ते मागून रेंगाळत येतात. मधल्या काळात हातात नुसतीच बोंब असते आणि ती कशाबद्दल आहे हे सांगणारं कोणी नसतं. शिवाय इतकी वर्षं हाताकडून काही खबर येत नाही म्हटल्यावर मेंदूतली हाताची जागा शेजारच्यांनी बळकावलेली असते, आणि हाताचा शेजारी म्हणजे चेहरा. त्यामुळे वनमाला सुपारी चघळायची तेव्हा तिची बोटं ठणकायची. तिनं सुपारी सोडली. मग पोळीचा घासही ती हळूहळू चावायला लागली.

उन्हाळा आला. विदर्भातला उन्हाळा, भिंती रात्रीपर्यंत गरम. पण कुलरचा वारा हातावर आला की तिला ब्लेड फिरवल्यासारखं वाटायचं. श्रावणनं कुलर बंद केला आणि तोही घामाच्या धारांत पडून राहायला लागला. बांगड्या उतरल्या, ब्लाउजच्या बाह्या कापून आखूड केल्या. पाणी लागलं तरी ते गार आहे की गरम हे कळायचं नाही, नुसतं चरचरायचं. मागावर बसणं बंद झालं, सुताचा धागाही सोसवेना.

तिला एका जागी बसवत नव्हतं. बसली की दुखणं सगळं हातांत गोळा व्हायचं, चालत राहिली की जरा पांगायचं. म्हणून ती चालायची. ओल्या मेंदीचे हात धरावेत तसे दोन्ही हात पुढे धरून ती शाळेपासून नदीच्या बांधापर्यंत जायची, तिथून दवाखान्याकडे, तिथून पुन्हा बांधावर. लोक रस्ता सोडून बाजूला व्हायचे, चुकून धक्का लागायला नको म्हणून. बोलता बोलता ती मधेच उठून जायची. पोळ्या शेजारची गोदाबाई करून द्यायची. नवराबायकोच्या दोन खाटांमध्ये एक माणूस झोपेल एवढं अंतर पडलं, कारण झोपेत श्रावणचा हात लागला तर ती ओरडून उठायची आणि मग तो उजाडेपर्यंत कूस न बदलता पडून राहायचा.

या दुखण्यावर उतारा होता. दुसरं एक इंजेक्शन, वाढणारी टोकं कायमची थांबवणारं. ते घेतलं की आठवड्याभरात सगळं शांत होतं, पण शांत म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं बधिर. आणि त्यानंतर पालवीचं इंजेक्शन पुन्हा देता येत नाही. लहानूजीनं पावसाळ्याच्या तोंडाशी ते घेतलं. थोड्याच दिवसांत तो पारावर बसून पूर्वीसारखा पत्ते खेळायला लागला. वनमालाला त्यानं सांगितलं की घेऊन टाक बाई, माणसानं आपली तब्येत ओळखावी. रेणुकाही रोज फोनवर तेच सांगायची. एकदा तर ती रडलीच.

शेवटी श्रावणनं विषय काढला. वनमाला ओट्यावर उभी होती, ओल्या फडक्यात हात गुंडाळून. त्यानं आधी समजावलं, मग विनवलं, मग तो चिडला. तुला कोणाला काय दाखवायचं आहे, असं त्यानं विचारलं.

वनमालानं फडक्यातून उजवा हात बाहेर काढला. मग म्हणाली, "इतकी वर्षं हा हात मी डोळ्यानं वापरला. नजर हटली की हात गेला. उशीखाली राहिला काय, चुलीत गेला काय, मले पत्ता नाई. आता न पाहता कळते का तो हाय. दुखते म्हणून कळते, पण कळते. हा हात आता माझा हाय."

श्रावणनं आपले दोन्ही हात पाहिले. बोटं आखडलेली, नखं झिजलेली.

"अन् हे कोणाचे मग?" त्यानं विचारलं.

 ती ओट्यावरून उतरली आणि बांधाकडे चालायला लागली.

त्या दिवसानंतर दोघांत भांडण असं झालं नाही, पण बोलणंही कामापुरतंच राहिलं. आणि एक गोष्ट बंद पडली. वसाहतीत प्रत्येक घरात संध्याकाळी एकमेकांचे तळपाय पाहायची पद्धत होती. पायाला खडा बोचला, चपलेनं घासलं तर ज्याचा पाय त्याला कळत नसे, म्हणून दुसऱ्यानं उजेडात पाय धरून नीट पाहायचा. हे त्या दोघांनी लग्नापासून चुकवलं नव्हतं. आता वनमालाला कोणाचा पाय हातात धरवत नव्हता. श्रावण म्हणाला, मी आरशात पाहीन माझं मी. भिंतीला टेकवून ठेवायचा एक आरसा त्यानं दवाखान्यातून आणलाही.

पोळ्याच्या सुमाराला वनमाला तपासणीसाठी नागपूरला गेली. तिथे तिच्या नसांची छायाचित्रं घेतली गेली, डोक्याला तारा लावून हाताची जागा मेंदूत कुठवर परत आली ते पाहिलं गेलं. जाड धागे तळहातापर्यंत आले आहेत, पण ते जागे होतील की नाही हे आत्ताच सांगता येत नाही, असं प्रणोतीबाई म्हणाल्या. आठवड्यानं ती परतली. घराचं दार उघडलं आणि तिला वास आला.

मोहघाटात राहिलेल्या माणसाला तो वास ओळखू येतो. श्रावण खाटेवर बसून टीव्ही पाहत होता. चेहरा तापानं लाल. तिला पाहून तो हसला आणि प्रवास कसा झाला असं त्यानं विचारलं. ती खाली बसली, त्याच्या डाव्या पायातला मोजा तिनं दातांनी ओढून काढला. तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता. चपलेच्या मऊ रबरातून आरपार जाऊन शिरलेला. भोवतालचा पाय काळानिळा पडला होता.

"दुखत नवतं ना," श्रावण म्हणाला, जणू काही त्याच्याकडूनच थोडी कसूर झाली होती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पावलाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला. थोडे दिवस आधी आणलं असतं तर काटा काढून काम भागलं असतं, असं तिथला सर्जन सहज बोलता बोलता म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला घरची हकिकत माहीत नव्हती. वनमाला ते ऐकून वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. तिथेच सोबत आलेल्या लहानूजीनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याला वाटलं तिला ठाऊक असेल. ती बांधावर चालायची तेव्हा श्रावण रोज तिच्या मागे, पुष्कळ अंतर ठेवून, चालायचा. दोन्ही हात पुढे धरून चालणारी बाई घसरली तर स्वतःला सावरणार कशी, म्हणून. बांधावर सगळ्या बाभळी.

ती आत गेली. श्रावण जागा होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "पाय माझा. पाहाचं मले होतं." त्यापलीकडे या विषयावर तो तेव्हाही काही बोलला नाही आणि नंतरही नाही.

घरी आणल्यावर रोज जखम धुऊन पट्टी बदलायची होती. वसाहतीच्या दवाखान्यातली नर्स ते करायला तयार होती. वनमालानं तिला परत पाठवलं. मिठाच्या पाण्यात हात घातला की तिच्या बोटांतून खांद्यापर्यंत आग चढायची. ती ओठ घट्ट मिटायची, कपाळावर घाम यायचा, आणि ती कापसाचा बोळा जखमेच्या कडेनं फिरवत राहायची. मधेच उठायची, अंगणात दोन चकरा मारायची, परत येऊन बसायची. श्रावण कापलेल्या पायाकडे पाहत नसे. त्याला तिथे काही होतच नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा.

एके दिवशी तो म्हणाला, "घाव माझा, अन् दुखते तुले."

तिनं पट्टी बांधून संपवली. त्यानं तिच्या नकळत प्रणोतीबाईंना फोन केला.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. गाडीतून उतरल्या तेव्हाच त्या दमलेल्या दिसत होत्या. ओट्यावर बसून त्यांनी काही लपवलं नाही. या प्रयोगातल्या बहुतेकांनी थांबवायचं इंजेक्शन घेतलं होतं. आणखी कोणी सोडलं तर प्रयोगच बंद करायचा असं देखरेख समितीनं कळवलं होतं. पण त्याचा विचार वनमालाबाईंनी मुळीच करू नये. इंजेक्शन सोबत आणलं आहे, त्या म्हणतील तर आत्ता देता येईल.

"तुमाले काय वाटते?" वनमालानं विचारलं.

"तुम्ही थांबू नये असं मला वाटतं," प्रणोतीबाई म्हणाल्या. "आणि म्हणूनच तुम्ही माझं ऐकू नका. माझी दहा वर्षं यात गेली आहेत. मी तटस्थ नाही. स्पर्श येईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

श्रावण दारात काठीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "द्या तिले इंजेक्शन."

"ज्यांनी घेतलं, त्यांचं कसं हाय?" वनमालानं डॉक्टरांना विचारलं. "त्यांच्या हाताले चटका बसला तं कळते का?"

"मनगटाच्या खाली नाही कळत."

वनमाला उठली. ती पुन्हा चालायला जाणार असं दोघांनाही वाटलं. पण ती श्रावणच्या समोर जाऊन उभी राहिली. हात तसेच पुढे धरलेले.

"तुमचा पाय कशानं गेला?" ती म्हणाली. "काट्यानं नाई गेला. काटा तं सगळ्याइले रुततो. तो दुखला नाई म्हणून गेला. तुमाले कोणी सांगतलंच नाई का काटा हाय म्हणून. या घरात सांगणारं कोणी नवतं. आता हाय. ते तुमी बंद करा म्हणता."

 काठी श्रावणच्या हातातून निसटली. त्याला ती पडल्याचं आवाजानं कळलं. प्रणोतीबाईंनी ती उचलून दिली.

थोड्या वेळानं तो म्हणाला की पट्टी तरी नर्सकडून करून घेऊ. वनमाला म्हणाली की पट्टी मीच करणार. मग त्यानं एक अट घातली. दुखलं की ओठ आवळून बसायचं नाही. ओरडायचं तर ओरडायचं, शिव्या द्यायच्या तर द्यायच्या, पण त्याच्यासमोर. ती कबूल झाली. त्यानंतर पट्टी बदलायच्या वेळेला शेंड्यांच्या घरातून जे काही ऐकू यायचं, त्यावरून गोदाबाईची चांगली करमणूक व्हायला लागली.

डॉक्टरांचं इंजेक्शन गाडीतल्या थंड पेटीत तसंच परत गेलं.

थंडी सरत आली तेव्हा दुखणं ओसरायला लागलं. एकदम नाही. चार दिवस कमी, पुन्हा दोन दिवस जोरात, मग आठवडाभर बरं. वनमालाचा त्यावर विश्वास बसत नव्हता, ती सावधच असायची. आणि अशाच एका सकाळी, श्रावणच्या पायाला पट्टी गुंडाळत असताना, तिचा हात थांबला. श्रावण सरपंचाच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होता.

"जरा चूप राहा," ती म्हणाली.

त्याला वाटलं दुखतंय. तो म्हणाला, दे शिवी.

तिनं मान हलवली. तिच्या अंगठ्याखाली पट्टीचं कापड होतं आणि त्याला वीण होती. उभे धागे, आडवे धागे, मधे बारीक भोकं. डोळे मिटले तरी ते तसंच होतं. तिनं अंगठा सरकवला. कापड एका जागी दुमडलं होतं, ती दुमडही कळली. त्यात दुखणं नव्हतं. ते गरम नव्हतं, गारही नव्हतं. नुसतं होतं.

"काय झालं?" श्रावणनं विचारलं.

"चिंधी," ती म्हणाली. पुढे काय सांगावं हे तिला सुचेना. "चिंधी लागून रायली."

प्रणोतीबाई आल्या, नायलॉनचे जाडबारीक तंतू घेऊन. वनमालानं डोळे मिटून घेतले आणि तंतू टेकला की ती हो म्हणायची. सगळ्यांत बारीक तंतू तिला कळला नाही, त्याच्या वरचा कळला. प्रणोतीबाईंनी सगळं टिपून घेतलं, आवरलं, आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाडीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. जाण्यापूर्वी त्यांनी श्रावणला सांगितलं की चुना झालेल्या नसांच्या जागी कृत्रिम वाट बसवायचं काम सुरू आहे, दोनतीन वर्षांत काही सांगता येईल. श्रावण म्हणाला, पाहू. वनमालाला मात्र त्या बाजूला घेऊन म्हणाल्या की पायांसाठी विचार करून ठेवा, पण पायांच्या नसा लांब असतात, तिथे दुखणंही लांबेल. वनमाला म्हणाली की विचार करायला थोडी उसंत तर द्या.

पण उसंत तिला स्वतःलाच नव्हती. दुखत होतं तेव्हा ती चालायची, आता ती सगळ्याला हात लावत सुटली. भिंत, सुपडं, तांदूळ, मोहाची साल, कोंबडीची पाठ, मीठ, दाराची कडी. स्वयंपाकघरात गेली तर बायका हसायच्या, कारण ती पिठाच्या डब्यात हात घालून उभी राहायची आणि पोळ्या तशाच राहायच्या. व्हिडिओ कॉलवर रेणुकानं आपला चेहरा पडद्याजवळ आणला तेव्हा ती काचेवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली की काच नुसतीच गुळगुळीत आहे, तू ये. रात्री झोपतानाही बोटं खाटेच्या सुतळीवरून फिरत असायची. श्रावण हे सगळं पाहायचा. तो तिला चिडवायचा, पण पूर्वी त्यानं जशी टाचणीची रेघ गावभर दाखवली होती तसं या वेळी केलं नाही. तिनं एकदा त्याचा हात हातात घेतला होता. आखडलेली बोटं, तळव्याला लाकडासारखे घट्टे, आणि तो इतका उबदार असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं वर पाहिलं तर श्रावण सौजन्यानं हसत होता. त्याला ती हात धरून आहे हे दिसत होतं, इतकंच. तिनं हात सोडला आणि पुन्हा तसं केलं नाही.

चैत्रातल्या एका सकाळी श्रावण अंगणात खुर्चीवर बसला होता. कापलेला पाय स्टुलावर, जखम आता भरून आली होती. पुढ्यात मागाचा तुटलेला धोटा घेऊन तो त्यात काहीतरी खटपट करत होता. वनमाला त्याच्या मागून धान्याचं घमेलं घेऊन निघाली होती. त्याच्या मानेवर मुंगळा चढताना तिला दिसला. तिनं घमेलं कमरेवर टेकवलं आणि दोन बोटांनी तो अलगद उचलून टाकला.

श्रावणची मान, गाल, खांदे यांना रोगानं हात लावला नव्हता. तिथलं त्याला सगळं कळायचं.

"कोण हाय?" त्यानं न वळता विचारलं.

वनमालाला वाटलं तो थट्टा करतो आहे. ती पडलेल्या मुंगळ्याकडे पाहत होती. तेव्हा त्यानं धोटा मांडीवर ठेवला आणि मान वळवून पाहिलं. ती उभी होती. त्यानं तिच्या मागे पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"मी हाओ," ती म्हणाली. "मुंगळा होता."

"तू लावला हात?"

"मंग कोण लावीन?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तिला घमेलं खाली ठेवावंसं वाटलं, पण ती तशीच उभी राहिली.

"मले वाटलं नर्सबाई आली," श्रावण म्हणाला. "तुझा हात असा नवता. तुझा हात दाबून लागे. म्हैस पुसावी तसा. लग्नापासून तसाच लागे." तो थांबला. "हा कोणाचा हात हाय, मले ओळखूच नाई आला."

वनमालानं आपल्या बोटांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपला हात त्याच्या मानेवर, पाठीवर कसा पडत होता हे तिला कधीच कळलेलं नव्हतं. त्याला कळत होतं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आणि ज्या जड हाताची त्याला सवय झाली होती, तो हात आता या घरात कुठेच नव्हता.

"दाबून लावू का?" तिनं विचारलं.

 मग तो पुन्हा समोर वळला, तिच्याकडे पाठ करून, आणि मान थोडी पुढे वाकवली.

"नाई," तो म्हणाला. "जसा लागते तसा लाव. मले ओळख होऊ दे."

तिनं घमेलं खाली ठेवलं.